बर्फाचा जाणकार

बर्फाला घाम फुटला होता. मे महिना, दुपारचे दोन. नागपूरच्या प्रदर्शनातली बर्फावर घसरायची रिंक कडेकडेने बसकण मारत होती. रिंकचे मालक, मुंबईचे रवींद्रशेठ, स्केटिंगवाल्या बाईंना आणायला स्टेशनवर गेले होते. जाताना महादेवरावांना बजावून गेले होते, "पाचला उद्घाटन. तोवर बर्फ टिकला तर तुमची नोकरी पक्की. नाहीतर आजच रामराम."

महादेवरावांना ही नोकरी बर्फाच्या अनुभवावर मिळाली होती. अनुभव वीस वर्षांचा होता. कळमेश्वरच्या आसपासच्या प्रत्येक लग्नात आइस्क्रीमचा पॉट त्यांनीच फिरवला होता. कसला अनुभव, हे शेठनी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. लोकांच्या मांडवात दंड मोडेस्तोवर पॉट फिरवायचा आणि शेवटी आपल्या वाट्याला नुसतं पाणी, याचा त्यांना वीट आला होता.

"बर्फाची मशीन धापा टाकून राहिली, भाऊ," बूट वाटणारा बळीराम म्हणाला. "आता काय करता?"

"बर्फाले जे लागते तेच. मीठ."

पॉटातल्या बर्फाला मीठ लावलं की आइस्क्रीम दगड होतं, हे शेंबडं पोरही सांगेल. रिंक म्हणजे आडवा पॉट. दोघांनी इतवारीच्या बाजारातून सायकलरिक्षांवर अकरा पोती खडेमीठ आणलं आणि ज्वारी पेरावी तसं पेरलं. साडेतीनला बर्फ कुरकुरला. चारला तडकला. साडेचारला रिंकमध्ये घोटाभर पाणी होतं.

बळीरामने पाण्यात हात घालून तळ चाचपला.

"पण भाऊ, यात आइस्क्रीम कुठी हाय?"

हा प्रश्न महादेवरावांना अकरा पोत्यांआधी पडायला हवा होता.

पाचला फाटक उघडलं. शेहेचाळीस डिग्रीत भाजलेली गर्दी आत घुसली. सगळ्यात पुढे नंदनवनच्या सुभद्राबाई. त्यांनी पाण्यात पाय घातला, "अवं माय!" म्हणाल्या आणि लुगड्यासकट खाली बसल्या. मग ओंजळभर तोंडावर मारलं. ओठ चाटले.

"खारं हाय वं! हा तं समुद्र हाय!"

त्यांनी समुद्र कधी पाहिला नव्हता. मागच्यांनीही नव्हता, त्यामुळे कोणी हरकत घेतली नाही. धोतरं, पायजमे, एक शाळामास्तर, सगळे बसले. एका म्हाताऱ्याने हात जोडून उद्घाटनाचा नारळ पाण्यात सोडला.

रवींद्रशेठ बाईंना घेऊन आले तेव्हा रांग रस्त्यापर्यंत गेली होती. महादेवरावांनी टोपी काढून हातात घेतली. कळमेश्वरची शेवटची बस सातला होती. शेठ काठावर उकिडवे बसले. त्यांनी पाण्यात बोट बुडवलं, चाखलं. रांगेकडे पाहिलं. पुन्हा चाखलं. मग महादेवरावांना बाजूला घेऊन खालच्या आवाजात विचारलं,

"महादेवराव, लाटांचं काय करता येईल?"