आईची पिवळी साडी

आमच्या घरच्या स्मार्ट स्पीकरला बोलणाऱ्याचा मूड कळतो. उदास माणसाने काही मागवलं, तर ऑर्डर अडवायची, ही सेटिंग माझी! उगाचची खरेदी बंद, पृथ्वी खूश. शाळेत या प्रोजेक्टला टाळ्या मिळाल्या. आज संध्याकाळी काकी दारातूनच ओरडली, "जाऊबाई, उद्या माझ्या दिपेशची हळद! सगळ्यांच्या पिवळ्या साड्या आल्या. तुमची कुठंय? का लेकीबरोबर पृथ्वी वाचवताय?" ती गेल्यावर आई स्पीकरला म्हणाली, "पिवळी साडी मागव." तो म्हणाला, "तुमचा आवाज उदास वाटतोय. ऑर्डर थांबवली आहे." मी घाबरले. "आई, काय झालंय?" "काय नाय गो. महिनाभर मागवतेय, रोज हेच बोलतो. माझा आवाजच असा हाय." खरंच, तो तिचा रोजचाच आवाज होता. मी स्पीकरचा प्लग उपटला. "चप्पल घाल. वाशीतली दुकानं उघडी असतील." "आनी तुझी पृथ्वी?" "तिला मी समजावते. तू चल!"