हरकत असल्यास कळवावे

मुकुंदवाडीच्या यमुनाबाईंचा नवरा, वैजनाथ, नोकरीत असतानाच वारला. त्याच्या जागी लेकीला घ्यावं म्हणून त्यांनी माहिती अधिकारात त्याच्या सर्व्हिस बुकाची नक्कल मागितली.

"मावशी, ही खासगी माहिती हाय. ज्यांची हाय त्यांना विचारल्याबिगर देता येत नाय," वैजनाथच्या ऑफिसातला क्लार्क म्हणाला.

आठ दिवसांनी वैजनाथच्याच नावानं रजिस्टर पोस्टानं नोटीस आली. लेकीनं वाचून दाखवली. "श्रीमती यमुनाबाई यांनी आपली वैयक्तिक माहिती मागितली आहे. हरकत असल्यास दहा दिवसांत समक्ष हजर राहावे."

"खाली सही कुणाची हाय गं?" यमुनाबाईंनी थकून विचारलं.

"लोंढे साहेबांची."



वैजनाथच्या तिरडीला खांदा द्यायला हेच साहेब सगळ्यांत पुढं होते.