नऊ ते सहाची माया

ऑफिसात माणूस फक्त काम करतो, यावर कंपनीची श्रद्धा होती. म्हणूनच नऊ ते सहा कर्मचाऱ्यांचे फोन जमा व्हायचे आणि त्यांच्या वतीने सोशल मीडियावर कंपनीचं यंत्र बोलायचं, हुबेहूब त्यांच्या शैलीत.

सहाला फोन परत मिळाला आणि हेमांगी वर्तक दचकली. सहा वर्षं अबोला असलेल्या भावाची यंत्राने दुपारी तिच्या नावाने माफी मागितली होती. उत्तरही आलं होतं : "ताई, चुकलं माझंच. भाऊबीजेला ये."

डोळे पुसत तिने स्वतः लिहिलं, "येते रे, अनंता." फोन केला, तर त्याने कापला.

"मॅडम, तुमचे बंधू आपल्याच नागपूर शाखेत ना?" तिची तक्रार ऐकून एचआरचे गुर्जर म्हणाले. "मग दुपारी तेही बोलले नसणार."

पुढे आठवडाभर दोन्ही यंत्रांनी करंज्यांपासून ओवाळणीपर्यंत सगळं प्रेमाने ठरवलं.

भाऊबीजेला कंपनीला सुट्टी होती.