सगळ्यांच्या पुढे

सैन्यातली शाखा निवडायचा दिवस आला. त्या तरुण कॅडेट मुलीला सर्वांत पुढे राहून लढायचं होतं. म्हणजे रणगाडेच, असं तिने ठरवलेलं. सकाळच्या सरावात रणगाडे धुरळा उडवत आले आणि एकाएकी थांबले. समोर सुरुंग पेरलेले होते. मागचं पायदळही जमिनीला चिकटलं. एकच जवान हातात बारीक सळई घेऊन पोटावर सरपटत पुढे निघाला. माती टोचत, बोटांनी चाचपत त्याने वाट मोकळी केली. मग हात उंचावला, तेव्हा कुठे लोखंडी डोंगर हलले. तिने शेजारच्या प्रशिक्षकांना विचारलं, “हा कोण?” “इंजिनियर्स शाखेचा जवान,” प्रशिक्षक म्हणाले. तिने संध्याकाळी आईला फोन केला. “इंजिनियर्स निवडलं.” “बरं झालं बाई! मागे राहून पूल-बिल बांधशील.” “मागे नाही गं. सगळं सैन्य माझ्या मागून येणार.”  आई हळूच म्हणाली, “पाऊल जपून टाक हो.”