सतरा वर्षं ठणठणीत

अपंगत्व पेन्शनचं अपील दुसऱ्यांदा फेटाळल्याचं पत्र सैन्यातून निवृत्त झालेले हवालदार रघुनाथ कणसे यांनी मेलेली पाल धरावी तसं चिमटीत धरलं होतं. सुजलेला गुडघा समोर स्टुलावर होता.

सेवेत असताना गुडघ्यावर उपचार घेतल्याचा एकही कागद नाही, असं त्यांना पहिल्या वेळी कळवलं होतं. कागद असणार कुठून, कपाळ? डोंगरावरच्या चौकीत आजारी आहे म्हणणारा कामचुकार ठरायचा. कणसे बराकीत गुडघ्याला तेल चोळायचे आणि सगळ्यांच्या आधी रांगेत उभे राहायचे. म्हणून या वेळी त्यांनी भिंतीवरची फ्रेम उघडून सतरा वर्षांत एकदाही आजारी रजा न घेतल्याबद्दल साहेबांनी दिलेलं प्रशस्तिपत्र अपिलाला जोडलं. असा माणूस दुखण्याचं सोंग करेल का, एवढंच त्यांना दाखवायचं होतं.

"काय लिव्हलंय?" बायकोनं विचारलं.

"माझंच प्रशस्तिपत्र मला वाचून दाखवलंय. म्हनं, सतरा वर्षं ठणठणीत हुता, मग गुडघा सेवेत कसा गेला?"

तेवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी दारात आले. "काका, सव्वीस जानेवारीला झेंडावंदन तुमच्याच हस्ते हां. मुलांना शिस्तीवर दोन शब्द सांगा."

कणसेंनी भिंतीवरची रिकामी फ्रेम पाहिली.

"सांगतो की. दुखलं की पयली बोंब मारा, आन् बोंब मारल्याचा कागद घ्या."