पत्र्यावरची हवा

"आबा, तिकडे काही नाही. उगाच वेळ घालवू नका," रुचिका म्हणाली.

सासऱ्यांचा, लडकूआबांचा हात अजून वरच होता. शेतापलीकडच्या बंद गोदामावर पक्ष्यांचं मोठं रिंगण फिरत होतं. रुचिकाची सहा वर्षांची नेत्रा दहा वाजल्यापासून सापडत नव्हती. आता बारा वाजून गेले होते. पूर्णा गावातली निम्मी माणसं विहिरीत, गटारात, उभ्या टेम्पोंच्या हौद्यात डोकावून आली होती.

"फुकट न्हाय फिरत ती," आबा हळूच म्हणाले. "खाली काय पडलेलं असंल तवाच फिरतात. हरवलेली गुरं आमी अशीच सोधायचो."

गुरं. तिकडे पाऊल टाकायचं म्हणजे पोर गेली हे कबूलच करायचं. रुचिका ते नाही करणार.

तिनं आवाज सावरला. "नीट बघा. नुसत्या घारी नाहीत. करकोचे आहेत, तो एक गरुड आहे. करकोचा मासे खातो, मेलेलं जनावर नाही. उन्हानं पत्रा तापला की त्याच्यावरची हवा वर चढते. एकाला ती सापडली की बाकीचे लांबून बघतात आणि येतात, जात कुठलीही असो. नुसते पंख पसरायचे. हवाच उचलून नेते."

"पोर हरवली नि हिची शाला चालू," शेजारची आक्का पदराआडून पुटपुटली.

हरेश बापाकडे बघत राहिला, मग बायकोकडे. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकलेली घरात ती एकटीच.

"मग कुठं बघायचं, तू सांग," तो म्हणाला.

"खारबावला. माझ्या ताईकडे जायचं म्हणून चार दिवस हट्ट धरलाय तिनं. रस्त्यातच असेल कुठेतरी."

सगळ्या मोटारसायकली खारबावच्या रस्त्याला लागल्या. आबाही एका मोटारसायकलवर मागे बसले. रस्ताभर रुचिका प्रत्येक टपरीवर उतरली. लाल फ्रॉक, दोन वेण्या, पुढचा एक दात पडलेला. कुणी पाहिली नव्हती. ताईच्या दाराला तर कुलूप होतं.

तीन वाजता हरेशचा फोन वाजला. गोदामाचा वॉचमन होता. जेवून उठून तो मागच्या बाजूला फेरी मारायला गेला होता.

"भैया, पीछे सीढ़ी के पास आ जाओ," तो म्हणाला. "भाभी को मत लाना."

रुचिका गेलीच. गोदामाच्या मागच्या भिंतीला पत्र्यापर्यंत जाणारी लोखंडी शिडी होती. तिच्या पायथ्याशी, सिमेंटवर, नेत्रा पालथी पडली होती. आबांनी वाकून तिच्या नाकाशी गाल नेला. बराच वेळ तसाच धरून ठेवला. मग ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

नेत्राच्या दोन्ही मनगटांना रुचिकाच्या पिवळ्या ओढणीची टोकं बांधलेली होती. गाठी दातांनी ओढून घट्ट केलेल्या, चांगल्या दोन-दोन.

काल दुपारी गच्चीवर, याच रिंगणाकडे बघत, नेत्रानं विचारलं होतं, "मम्मी, मला पण नेईल ती हवा?" आणि तोंडात चिमटा धरून चादर वाळत घालणाऱ्या रुचिकानं, तिच्याकडे न बघताच, मान हलवून हो म्हटलं होतं.