लाल दोरा

दसरा झाला आणि झेंडू सुकायला लागायच्या आतच हौसाक्का लाल दोरा घेऊन परसात उतरल्या. दरवर्षी त्या सगळ्यात टपोऱ्या फुलांना दोरा बांधून ती बियाण्यासाठी राखायच्या. दसऱ्याला देवीच्या देवळाचं तोरण त्यांच्याच फुलांचं असायचं. गेल्या साली मात्र दोरा बांधलेली, वाळलेल्या फुलांची बोंडं कुणीतरी खुडून नेली आणि यंदा तोरणाचा मान शेजारच्या शालनला गेला. "माझ्या हातालाच गुण हाय," असं ती गावभर सांगत सुटली होती.

या खेपेला अक्कांनी एकेरी पाकळ्यांची, मरतुकडी फुलं हुडकून त्यांनाच दोरा बांधला. वाळल्यावर सगळी बोंडं सारखीच दिसतात. फुलं वाळली आणि आठवडाभरात दोऱ्याची बोंडं गायब झाली. अक्का गालातल्या गालात हसल्या आणि राहिलेली टपोरी बोंडं त्यांनी फडक्यात बांधून ठेवली.

पुढच्या दसऱ्याला बायका तोरण करायला देवळात जमल्या. शालननं पाटी उलटी केली. ती किरटी फुलं बघून बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. शेजारी अक्कांच्या बुट्टीत वाटीएवढाले झेंडू होते.

"काय गं शालन, हाताचा गुण कुठं गेला?" अक्कांनी अगदी मायेनं विचारलं.

शालन रडकुंडीला आली. "असं कसं झालं? अक्का, लाल दोरा तर तुमी ह्याच बोंडांना बांधला हुता की!"

बायकांचे पदर तोंडावरून खाली आले.

अक्कांनी कमरेचं रीळ काढलं, तोरणाच्या सुईत लाल दोरा ओवला आणि तो शालनच्या डोळ्यांपुढं धरला.

"हाच न्हवं का गं?"